वार्तापत्राच्या कामाची वही

११ जून २०२४

सकाळी प्रभारी प्राचार्यांचा फोन. "बाई, माजी विद्यार्थ्यांसाठी वार्तापत्र काढायचंय. जुनं माहीत असलेलं आता तुमच्याशिवाय कोण राहिलंय?" ग्रंथपाल म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. माझ्या जागी कोणी आलेलं नाही, त्यामुळे कुठल्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे विचारायला अधूनमधून फोन येतातच. हाही तसलाच असेल असं वाटलं होतं.

खरं कारण दुसऱ्या मिनिटाला कळलं. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी. सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांचा, आणि त्यातला शेवटचा मुद्दा माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा. तिथे दाखवायला आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीच्या मेळाव्याचा एक फोटो आणि जेवणाचं बिल आहे. मी हो म्हणाले, एका अटीवर: अंकात काय जाणार ते मी ठरवणार. "तुम्हीच ठरवा की," म्हणाले. त्यांनी ते कुठे टिपून घेतलं नसणार. म्हणून इथे लिहून ठेवते.

१४ जून

कामाची वाटणी. मराठीच्या मॅडम संगणकाचं बघणार (तासिका तत्त्वावर आहेत, यंदा चौथं वर्ष, या कामाचे तास कुणी धरणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी आल्या). मामा, म्हणजे आमचे शिपाई, गावातले पत्ते फिरून आणणार.

यादी करायला बसलो तेव्हा मामा म्हणाले, "माझं बी नाव घाला की. ब्याण्णव सालचा बीए हाय मी हितलाच. भूगोल." इतकी वर्षं एका इमारतीत काढली आणि मला पत्ता नव्हता. "कधी सांगितलं नाहीत?" "कुणी इचारलं न्हाई, बाई."

यादीत पहिलं नाव मामांचं.

२४ जून

पत्त्यांचा प्रश्न वाटला त्याहून मोठा आहे. आपली जनरल रजिस्टरं तळमजल्यावर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ ची. आपल्या ऑफिसात कमरेएवढं पाणी चार दिवस होतं. रजिस्टरं आम्ही नंतर वर्गातल्या बाकांवर पंख्याखाली वाळवली. मी, मामा आणि एनएसएसची पोरं, एकेक पान सुटं करत. चिकटलेल्या पानांत रद्दी घालायची, संध्याकाळी ती बदलायची. तरी निळ्या शाईची नावं गेलीच. काळ्या शाईची बरीच राहिली. म्हणजे ज्या वर्षी ऑफिसात काळी शाई होती त्या वर्षांचे विद्यार्थी आपल्याकडे आहेत, बाकीचे पाण्यात.

जी रजिस्टरं राहिली त्यांचाही घोळ आहे. १९७५ च्या पानांवर एकाच जूनमध्ये दोन प्रकारचे प्रवेश दिसतात. मॅडमना वाटलं, कुणीतरी दुबार लिहिलंय. तसं नाही. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन्ही शालान्त परीक्षा झाल्या. एक बॅच थेट पदवीकडे वळली, दुसरी नव्याने निघालेल्या ज्युनिअर कॉलेजात बसली. त्या वर्षी बाक पुरले नाहीत म्हणून पोरं सतरंजीवर बसायची, असं जुने सर सांगायचे.

आणखी एक गंमत. कॉलेज निघालं १९६१ ला, शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला. त्यामुळे पहिल्या तुकडीची पहिली परीक्षा पुणे विद्यापीठाची आणि पदवी कोल्हापूरची. ही मंडळी आता ऐंशीच्या पुढे. त्यांच्यासाठी छापील प्रती काढाव्या लागतील, पीडीएफ नाही चालायची.

३ जुलै

रजिस्टरं नाहीत तर वार्षिकांक आहेत. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, म्हणून वाचले. १९६२ पासून मधली पाच-सहा वर्षं सोडली तर सगळे. प्रत्येकात वर्गाचे, मंडळांचे, जिमखान्याचे ग्रुप फोटो, आणि खाली बारीक टायपात नावं: बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. हीच आपली यादी.

फोटोखाली मुलींची नावं १९७० पर्यंत बहुधा "कु." आणि आडनाव एवढीच, आणि मुलांची पूर्ण. आता त्या आडनावानं त्यांना शोधायचं कसं? लग्नानंतर तेही बदललं. माझ्या स्वतःच्या १९८१ च्या फोटोखालीही तसंच आहे. इतकी वर्षं तो अंक माझ्याच हाताखालच्या कपाटात होता.

९ जुलै

मॅडमनी पानं स्कॅन करून टेसरॅक्टला, म्हणजे छापलेली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला, दिली. फुकट मिळतं, मराठी येतं म्हणतात. येतं, पण आपले जुने अंक खिळे जुळवून छापलेले. कुठे मात्रा झिजलेली, कुठे अनुस्वाराच्या जागी शाईचा ठिपका. त्यात ल आणि श. सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ ला निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श पक्का केला, पण आपला छापखाना हाताशी जो खिळा असेल तो लावायचा. एकाच आडनावात दोन वेगळे ल सापडले. "ऱ्य" तर यंत्राला बहुतेक दिसतच नाही.

वाटलं होतं, जुने अंक अवघड जातील आणि नवे सोपे. उलटं झालं. १९९८ ते २००९ चे अंक डीटीपीवाल्यानं सीडीवर दिले होते. पेजमेकरच्या फायली, श्रीलिपीचा फॉन्ट. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. खिळ्यांनी छापलेलं १९६४ चं पान मी चष्मा लावून वाचू शकते. २००४ ची फाइल कुणालाच वाचता येत नाही. मॅडम कन्व्हर्टरच्या मागे लागल्यात. तोवर हाताने टाइप करायचं ठरलं. रोज चार पानं.

२७ जुलै

काम बंद. पाणी चढतंय. आयर्विनची पातळी बघत बसणं हा इथला पावसाळी उद्योग: ४० ला इशारा, ४५ ला धोका. मामांनी कुणी सांगायच्या आत वाचलेली रजिस्टरं डोक्यावर घेऊन ग्रंथालयात आणून टाकली. "एकदा वाळिवल्यात, परत न्हाई वाळवायचो."

३ ऑगस्ट

पाणी थांबलं. प्राचार्यांचा निरोप: ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेचा फोटो अंकात घ्या. म्हटलं, तो कोल्हापूर जिल्ह्यातला, अभिमान आहेच, पण आपला विद्यार्थी नाही. "आपल्या भागातला तर आहे?" नाही घेतला.

२१ ऑगस्ट

व्हॉट्सॲपचा धडा. मॅडमनी ब्रॉडकास्ट यादी केली, २५६ जणांची; तेवढीच मावतात. "आपल्याला कॉलेजबद्दल काय वाचायला आवडेल?" असा प्रश्न पाठवला. चार दिवसांत नऊ उत्तरं. आम्ही हिरमुसलो. मग कळलं की ज्यांनी मॅडमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. एका तासिकेवरच्या मॅडमचा नंबर १९८० च्या बॅचकडे कशाला असेल? मग बॅचवार ग्रुपांतल्या एकेका माणसाला धरून तिथे प्रश्न टाकायला लावला. संध्याकाळपर्यंत फोन गरम झाला.

काय विचारतात त्याची नोंद करून ठेवते, कारण नॅकच्या नमुन्यात याला रकाना नाही:

शिरिषाचं झाड आहे का? (आहे. एक फांदी २०२१ च्या पुरानंतर तोडली.) कॅन्टीनचा कटवडा? (कॅन्टीन करोनात बंद पडलं ते पडलंच. पोरं फाटकाबाहेरच्या गाड्यावर खातात.) लायब्ररीतल्या बाई अजून ओरडतात का? (याचं उत्तर मी दिलेलं नाही.) अमुक सर आहेत का? हा प्रश्न सगळ्यात जास्त, आणि बऱ्याचदा उत्तर "गेले". सायकल स्टँडवरचा म्हातारा. सहलीला हंपीला गेलो होतो तो फोटो. इतिहासाच्या खोलीतला फुटका पृथ्वीगोल. तत्त्वज्ञानाचा वर्ग अजून वरच्या कोपऱ्यातच भरतो का?

शेवटचा प्रश्न तिघांनी विचारला. तिघंही वेगवेगळ्या दशकांतले. त्याचं उत्तर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. तत्त्वज्ञानाच्या सरांकडे गेले होते. ओसरीवर बसले होते, कान कमी झालाय, बाकी ठणठणीत. ते निवृत्त झाल्यावर पद भरलं नाही. काही वर्षं तासिकेवर एक जण यायचे, मिरजेहून. मुलं कमी म्हणून तास कमी, तास कमी म्हणून माणूस परवडेना, माणूस नाही म्हणून मुलं विषय घेईनात. यंदा प्रथम वर्षाला एकही नाव नाही.

सरांना सांगावं की नको, या विचारात चहा झाला. त्यांना माहीतच होतं. म्हणाले, "माझ्या शेवटच्या वर्षी तीन पोरं होती वर्गात. एक एसटीत कंडक्टर आहे, एक विकास सोसायटीत सचिव, एकीचं दुकान आहे विट्याला. तिघंही भेटली की अजून वाद घालतात. उठताना 'सर, पण तुमचं ते चुकलं होतं' असं म्हणतात." आणि खूश होऊन हसले.

निघताना म्हणाले, "वार्तापत्रात माझा सत्कार-बित्कार छापू नका. विषय बंद झाला ते मात्र छापा. पत्ता बदलला की आपण कळवतो ना लोकांना, तसं."

११ सप्टेंबर

मसुदा दाखवायला नेला. प्राचार्यांनी शांतपणे वाचला. नव्या शैक्षणिक धोरणाचं पान आवडलं. ते पान मलाही बरं जमलंय असं वाटतं. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण यंदा, २०२४-२५ पासून आलं. जुन्या विद्यार्थ्याला त्याच्या भाचीचं वेळापत्रक वाचता येईना, म्हणून एवढंच सांगितलंय: मेजर म्हणजे आपला मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. मिळवलेली श्रेयांकं बँकेतल्या पैशासारखी खात्यात राहतात, सात वर्षांपर्यंत. धोरण म्हणतं, कला शाखेच्या पोरानं वाणिज्यातलं शिकावं, विज्ञानाच्या पोरानं तत्त्वज्ञान. फार चांगलं आहे. फक्त शिकवायला माणूस पाहिजे.

मग ते चौथ्या पानावर आले. "यंदापासून तत्त्वज्ञान विषयाला प्रवेश नाहीत. पूर्णवेळ पद रिक्त आहे." एवढ्याच दोन ओळी.

"हे काढा, बाई."

"का?"

"लोक वाचतील."

मी काही बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "हसू नका. पुढच्या जूनमध्ये मी गावोगाव फिरणार, बारावीच्या पोरांच्या घरी. पालक विचारतील, कॉलेज बंद पडतंय म्हणे? मग भूगोलाची चार पोरं कमी होतील, मग भूगोलही जाईल. एक विषय गेला हे कळवून मी दुसरा घालवू?"

त्यांचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते स्वतः इथलेच विद्यार्थी, इतिहासाचे. प्राचार्यपदाचा कार्यभार, परीक्षेचं काम आणि स्वतःचे तास असं तिन्ही एकटे ओढतात. रविवारी फाटकाची रंगरंगोटीही उभं राहून करून घेतात. पण माझं म्हणणं वेगळं आहे. गावोगावच्या पालकांसाठी पत्रक वेगळं छापतोच की आपण. हे वार्तापत्र ज्यांना जाणार ते घरचे. घरातलं आजारपण पाहुण्यांपासून लपवतात, पोराबाळांपासून नाही.

ठरलं काहीच नाही. चौथं पान बाजूला ठेवलं.

२६ सप्टेंबर

आजचा दिवस परदेशी पैशात गेला.

एक माजी विद्यार्थिनी, १९९१ ची, इंग्रजी विषय, न्यू जर्सीत असते. व्हॉट्सॲपवर आमचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचला आणि तिचा थेट फोन: ग्रंथालयाला काही पाठवायचंय, कसं पाठवू? माजी विद्यार्थी संघाच्या खजिनदारांना बोलावलं. ते साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होते, नियमांचे पक्के. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पासपोर्ट कुठला?" तिला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. भारतीय नागरिकत्व ठेवून परदेशात राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतले पैसे रीतसर बँकेमार्फत पाठवले, तर ते परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असो नाहीतर सांगलीतल्याच बँकेतून रुपयांत दिलेले असोत, ते परकीय अंशदान. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. आपल्याकडे ती नोंदणी नाही. तिनं नागरिकत्व २०१२ ला घेतलेलं.

"म्हणजे मी माझ्या कॉलेजला पुस्तकांचं एक कपाट देऊ शकत नाही?" नाही. निदान आज तरी नाही.

मग तिनं दुसरी वाट काढली. तिची कंपनी म्हणे कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीएवढीच भर स्वतः घालते, तिथल्याच एखाद्या करमुक्त संस्थेमार्फत. त्या फॉर्मवर संस्थेचा प्रकार लिहायचा होता. "बाई, आपलं कॉलेज लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणून लिहू का?"

मी जरा थांबले. पुण्यात सिम्बायोसिसनं २०११ ला लिबरल आर्ट्सचं वेगळं महाविद्यालय काढलं, फ्लेम विद्यापीठ २०१५ चं. तिथे जाणाऱ्या पोरांचे आईबाप "लिबरल आर्ट्स करतोय" असं कौतुकानं सांगतात. आपल्याकडेही भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, तत्त्वज्ञान, हेच सगळं साठ वर्षं शिकवलं, आणि आपल्या पोरांचे आईबाप सांगतात, "काही नाही, नुसतं बीए." लिही म्हटलं. खोटं नाही ते.

(त्या वाटेनंही शेवटी एफसीआरएच आडवं आलं. पैसा अमेरिकन संस्थेचा म्हटल्यावर तो परकीयच. ती सध्या तिच्या वर्गमैत्रिणीला, जी कोल्हापूरला असते आणि भारतीयच आहे, स्वतःच्या मनाने काही देता येईल का, असं विचारतेय. तिच्यामार्फत आपले पैसे फिरवायचे नाहीत, हे खजिनदारांनी दोनदा बजावलं.)

याच बैठकीत दुसरं भूत निघालं. संघ १८६० च्या संस्था नोंदणीच्या आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या, दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला आहे, उत्तम. पण कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे कलम २२ चा बदल अर्ज द्यावा लागतो. तो शेवटचा कधी दिला हे कुणालाच आठवेना. कागदोपत्री आपले अध्यक्ष अजून हयात आहेत. त्यांच्या तेराव्याला मी जेवून आले होते. खात्यावर सह्या त्यांच्या आणि त्यांच्याआधी गेलेल्या चिटणिसांच्या. बँकेतला मुलगा म्हणाला, "दोघांपैकी एकाला घेऊन या." खजिनदार म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतोच."

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी. मॅडमना सकाळपासून अभिनंदनाचे फोन, जसं काही त्यांनीच मिळवला. "दर्जा भाषेला मिळाला, बाई. मला अजून ऑगस्टचं मानधन नाही." ही ओळ अंकात घेऊ का विचारलं. नको म्हणाल्या. म्हणून फक्त इथे.

१६ ऑक्टोबर

कालपासून आचारसंहिता. पान दोनवर एका माजी विद्यार्थ्याचा शुभेच्छा संदेश होता, फोटोसकट, आणि ते यंदा उभे राहणार. पान रिकामं झालं. खरं सांगायचं तर बरं झालं. त्या जागी १९६७-६८ च्या अंकातला फोटो टाकतेय.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर आपली वीस-बावीस मुलं आणि दोन प्राध्यापक पाटण तालुक्यात मदतीला गेले होते. फोटो तिथला आहे: मागे तंबू, पुढे घमेली, मुलं पायजम्यात, काहींनी शाली गुंडाळलेल्या. जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेला, त्यामुळे चेहरे म्हणजे ठिपक्यांचे पुंजके. आणि त्या एका फोटोखाली नावं नाहीत. बाकी सगळ्या अंकात चषक घेतलेल्यांची नावं आहेत, यांची नाहीत. अंकाच्या संपादकालाही घाई असेल.

खाली एवढंच लिहिलं: "यातले कोणी ओळखता का?"

२२ नोव्हेंबर

मतदानासाठी इमारत तीन दिवस सरकारजमा होती. बाकं परत लावून झाली. ग्रंथालयाच्या टेबलावर न पुसणाऱ्या शाईचा डाग. आता तो कायमचा.

६ डिसेंबर

शेवटचं प्रूफ. चौथ्या पानाचा तिढा असा सुटला.

प्राचार्यांनीच सुचवलं की विभागांची यादी द्या: विषय आणि शिकवणारे. साधा तक्ता. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान. मी विचारलं, "तत्त्वज्ञानासमोर काय लिहू?" बराच वेळ पेन्सिल फिरवत होते. "विषय यादीतून काढायचा नाही. विद्यापीठाकडे तो अजून आपल्या नावावर आहे." मग? "समोर आडवी रेघ द्या."

दिली. तासिकेवरचे कोण तेही तक्त्यात लिहिलंय, चांदणी टाकून. आठपैकी पाच विषयांसमोर चांदणी. मॅडम म्हणाल्या, "पान छान दिसतंय, आकाशासारखं."

११ डिसेंबर

तारीख मुद्दाम निवडली. सकाळी सात वाजता पीडीएफ बॅचवार ग्रुपांवर गेली. बारा पानं. दुपारपर्यंत शुभेच्छांचे हात जोडलेले, फुलं, दिवे. कुणी पहिल्या पानापलीकडे गेलं असेल असं वाटेना.

१३ डिसेंबर

गेले. आणि बहुतेकांनी तक्ता वाचला.

पहिला फोन पुण्याहून, १९७८ चा. "बाई, ती रेघ छपाईची चूक आहे का?" नाही म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. त्यानंतर दिवसभरात अकरा फोन. यशोगाथांच्या पानाबद्दल एक, नव्या धोरणाबद्दल दोन, बाकीचे आठ त्या रेघेबद्दल. एकानं शिव्या दिल्या: सरकारला, संस्थेला, मग मलाही. एकीनं विचारलं की सर आहेत का, आणि त्यांचा नंबर घेतला. औरंगाबादेत तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं की आठवड्यातून दोन तास तो ऑनलाइन घेईल, फुकट, फक्त ओई म्हणून विषय ठेवता येईल का बघा.

प्राचार्यांना हे सांगायला गेले तर त्यांच्याकडेही चार फोन आलेले. जरा घुश्श्यातच होते. "रेघ दिली तरी वाचलीच लोकांनी." मग म्हणाले, ओईसाठी विद्यापीठाला विचारावं लागेल. बाहेरच्या माणसाचे ऑनलाइन तास कार्यभारात धरता येतात का, तेही. कागद काढतो म्हणाले. काढतील. पण उत्तर येईपर्यंत दुसरं सत्र अर्धं संपलेलं असेल.

२१ डिसेंबर

छापील प्रती आल्या. ऐंशीच्या पुढच्यांना पाठवायच्या, सोबत त्यांच्या वर्षाच्या वार्षिकांकाची जादा प्रत असेल तर तीही, रजिस्टर्ड बुकपोस्टानं. पोस्टात गेलो तर ती सेवाच १८ तारखेपासून बंद. तीन दिवसांनी चुकलो. खिडकीवरची मुलगी भली होती; तिलाही संगणकात तो पर्याय दिसेनासा झाला तेव्हाच कळलं म्हणे. पार्सलचा दर ऐकून मामांनी गठ्ठा परत उचलला. वार्तापत्रं साध्या टपालानं टाकली. वार्षिकांक जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायचे ठरले: कोण पुण्याला चाललंय, कोण कऱ्हाडला, अशी यादी मामांनी एसटी स्टँडवर उभं राहून केली.

८ जानेवारी २०२५

कऱ्हाडहून पोस्टकार्ड. अक्षर थरथरतं पण सुवाच्य. फोटोतले मागच्या रांगेतले डावीकडून दुसरे आपण, असं त्यांनी कळवलंय, आणि आठवतील तेवढी नावं क्रमवार. शाल गुंडाळलेला तो थंडीनं नव्हे, तापानं फणफणला होता म्हणून; त्याला तिसऱ्या दिवशी ट्रकमधून परत पाठवलं. घमेलं घेतलेला पुढे तलाठी झाला. मधले दोन सख्खे भाऊ.

दुपारी तत्त्वज्ञानाच्या सरांना फोटो नेऊन दाखवला. ते तेव्हा इथे नव्हते, पण पुढे दोघांना ओळखत होते. त्यांच्याकडे न्यू जर्सीहून फोन येऊन गेला म्हणे, तासभर. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाले, "तिचं एक म्हणणं चुकत होतं."

मॅडमनी नावं फोटोच्या फाइलखाली टाइप केली, युनिकोडमध्ये. बावीसपैकी चौदा मिळाली. उभे, डावीकडून पाचवे ते आठवे अजून रिकामे. बसलेल्यांतले तिसरे बहुधा भूगोलाचे सर, मामा विचारून येणार आहेत.

बदल अर्जाला अध्यक्षांच्या मृत्यूचा दाखला लागणार. त्यांच्या घरी सोमवारी जायचं.